वरचा आकडा

जबलपूरच्या घमापुरात रक्तदाब मोजून झाला की माणसं खालचा आकडा विचारतात. ‘सिस्टर, नीचे वाला कितना आया?’ खालचा ८०च्या आत असला की शर्टाची बाही खाली येते, चेहरा सैल होतो आणि माणूस स्टुलावरून उठायला लागतो. वरचा १७० असला तरी. ‘ऊपर वाला तो उमर के साथ बढ़ता ही है,’ हे शेजाऱ्याने शेजाऱ्याला आणि सासूने सुनेला सांगितलेलं असतं. एके काळी डॉक्टरही तेच सांगत. वयात १०० मिळवा, तेवढा वरचा दाब चालतो, असा हिशेब कित्येक वर्षं रूढ होता. त्या हिशेबाने सत्तरीच्या माणसाला १७० म्हणजे काळजीचं काहीच नाही.

सिस्टर अशा माणसाला पुन्हा खाली बसवतात.

घमापुरच्या एका गल्लीत जुना दवाखाना आहे. रुग्णालयातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या तिथे संध्याकाळी येऊ लागल्या, त्यालाही आता बराच काळ लोटला. घराणं मूळचं नागपूरकडचं. १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती, त्यामुळे नोकरीसाठी नर्मदेकाठी येणं म्हणजे परमुलखात जाणं नव्हतं. वडील गन कॅरेज फॅक्टरीत लागले आणि कुटुंब इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, तीही ‘काय बड्डे’ म्हणून हाक मारणारी जबलपुरी. पेशंट त्यांना सिस्टर म्हणतात, ओळखीतली मराठी कुटुंबं ताई म्हणतात.

समोर येणारी माणसंही बहुतेक कारखान्यांच्या आधाराने वाढलेली. गन कॅरेज १९०४ पासूनची, आणि १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी आली, जिथून सैन्याचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा बाहेर पडल्या. नोकरीत असेपर्यंत या माणसांना कारखान्याचं रुग्णालय होतं, हजेरीची शिस्त होती, रोजची सायकल होती. निवृत्तीनंतर सायकल सुटते, शिस्त सुटते आणि दाबाची गोळीही सुटते. दुसरा मोठा वर्ग बिड्या वळणाऱ्या बायकांचा. त्या स्वतःहून क्वचितच येतात. नातवाला ताप आला म्हणून आलेल्या आजीला सिस्टर म्हणतात, ‘अम्मा, आलाच आहात तर हात पुढे करा.’

नोकरीचा मोठा भाग त्यांनी मेडिसिन वॉर्डात काढला. तिथे लकव्याचे पेशंट यायचे. कुणाचं तोंड वाकडं झालेलं, कुणाची वाचा गेलेली, कुणाचा अर्धा देह आपला उरलेला नाही. नातेवाइकांच्या हातात बहुधा एक प्लास्टिकची पिशवी असायची. जुन्या चिठ्ठ्या, ईसीजी, गोळ्यांची रिकामी पाकिटं, सगळं एकत्र कोंबलेलं. रात्रपाळीत जरा उसंत मिळाली की सिस्टर त्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावायला घेत. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सकाळच्या राउंडला डॉक्टरांना सगळं एका नजरेत दिसावं, एवढाच हेतू होता. पण लावता लावता त्यांना पुनःपुन्हा एकच चाल दिसायला लागली. पन्नाशीच्या सुमारास १४६/९२. काही वर्षांनी १५४/८८. मग १६४/८०. शेवटच्या चिठ्ठीवर १७८/७२, आणि त्याखाली शेरा: ‘उम्र के हिसाब से ठीक.’

खालचा आकडा ९२ वरून ७२ वर आलेला पाहून घरच्यांना हायसं वाटलेलं असायचं. सिस्टरना मात्र कोडं पडलं. दाब वाढायचा तर दोन्ही आकडे वाढायला हवेत, इथे एक चढतोय आणि दुसरा उतरतोय. त्यांनी युनिटच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते राउंड थांबवून म्हणाले, ‘सिस्टर, प्रत्येक चिठ्ठीवर वरच्यातून खालचा वजा करून बघा.’ पहिल्या चिठ्ठीवर उत्तर आलं ५४, शेवटच्या चिठ्ठीवर १०६. निरोगी तरुण माणसात हे अंतर ४० च्या आसपास असतं. उतारवयात ते ६० च्या पुढे गेलं, तर मोठ्या धमन्या कडक झाल्याची शंका घ्यायची. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले, आणि सिस्टरना आयुष्यभर पुरेल अशी वजाबाकी मिळाली.

या वजाबाकीत शरीरातली एक अजब यंत्रणा दडलेली आहे. हृदय एका ठोक्यात साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलतं. महाधमनीची भिंत लवचिक असल्याने ती फुगते, त्यातलं जवळपास निम्मं रक्त तेवढ्यापुरतं पोटात घेते, आणि हृदय विसावलं की आकसून ते पुढे लोटते. त्यामुळे ठोका थांबून-थांबून पडला तरी बारीक नसांमधून रक्त सलग वाहत राहतं. इंग्लंडमधले स्टीफन हेल्स हे पेशाने धर्मोपदेशक. घोडीच्या धमनीला उंच काचेची नळी जोडून रक्त किती वर चढतं हे पाहणारे पहिले गृहस्थ ते. १७३३ साली छापलेल्या ग्रंथात त्यांनी धमन्यांच्या या कामाला आगीच्या बंबातल्या हवेच्या कोठीची उपमा दिली. बंबाचा दांडा माणसं हाताने वरखाली करत, म्हणजे पाणी झटक्याझटक्याने यायला हवं. पण कोठीत दाबली गेलेली हवा मधल्या वेळात पाणी ढकलत राही आणि धार तुटत नसे.

भिंत कडक झाली की हीच कोठी निकामी होते. आलेलं रक्त सामावून घ्यायला जागा उरत नाही, म्हणून ठोक्याच्या क्षणी दाब वर उसळतो. साठवलेलं काही नसल्याने दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात तो नको तितका खाली येतो. चिठ्ठीवरचे चढते आणि उतरते आकडे अशा रीतीने एकाच बिघाडाचे असतात.

आणि हा बिघाड एका दिवसाचा नसतो. धमनीला लवचिकपणा देणारे इलॅस्टिनचे तंतू मुख्यतः जन्माआधी आणि बालपणी तयार होतात. मोठेपणी त्यांची भरपाई जवळजवळ होतच नाही. मिनिटाला ७२ ठोके धरले तरी साठीपर्यंत हृदय २०० कोटींहून जास्त वेळा धडधडलेलं असतं, आणि तितक्या वेळा ही भिंत ताणली गेलेली असते. तंतू झिजतात, तुटतात. त्यांच्या जागी राठ कोलॅजनचा जोर वाढतो, कॅल्शियम साचतं. मधुमेह असेल तर रक्तातली साखर या तंतूंना चिकटून त्यांना एकमेकांशी जखडून टाकते. तंबाखू, मीठ, मूत्रपिंडाचा आजार, वर्षानुवर्षं चढा राहिलेला दाब, सगळ्यांचा यात वाटा असतो. दाबाने धमनी कडक होते आणि कडक धमनीमुळे दाब आणखी चढतो, हे चक्र एकदा सुरू झालं की आपलं आपण थांबत नाही.

इथे एक गैरसमज सिस्टरना रोज भेटतो. ‘हमारा कोलेस्ट्रॉल तो नॉर्मल है.’ चरबीचे थर धमनीच्या आतल्या अस्तरात साचतात आणि वाट अरुंद करतात. भिंतीच्या मधल्या थरातला कडकपणा ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही पुष्कळदा जोडीने आढळतात, पण एक नाही म्हणून दुसरं नसेल असं नाही. अँजिओग्राफीत वाट मोकळी दिसलेल्या माणसाचीही महाधमनी ताठरलेली असू शकते.

नाडी पाहताना मनगटाशी बोटाला जे लागतं, ती धमनीच्या भिंतीतून धावणारी दाबाची लाट असते. रक्त तिच्यामागून फार सावकाश येतं. आपल्याकडे वैद्यांनी या लाटेकडे शतकानुशतकं लक्ष दिलं. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालींना साप, बेडूक, हंस अशी नावं जोडलेली आहेत. लाटेच्या वेगाचं गणित युरोपात मांडलं गेलं. थॉमस यंग यांनी १८०८ मध्ये त्यावर व्याख्यान दिलं, आणि १८७८ मध्ये मून्स आणि कोर्टेवेग यांनी भिंतीचा ताठपणा आणि लाटेचा वेग यांचं सूत्र दिलं. भिंत जितकी ताठ तितकी लाट वेगवान. तरुण महाधमनीत ती सेकंदाला पाच-सहा मीटर धावते. मान आणि जांघ यांच्यामध्ये मोजलेला हा वेग १० मीटरच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. लांब जाऊन परावर्तित झालेली लाटही अशा वेळी लवकर परत येते आणि अजून आकुंचन पावत असलेल्या हृदयावरच आदळते. २०१० साली १७ अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा वय आणि इतर कारणं हिशेबात घेऊनही हा वेग सेकंदाला एक मीटरने वाढला तर हृदयविकार, पक्षाघात अशा घटनांचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं.

या कथेत एक नाव असं आहे, जे हिंदुस्थानी वाचकाला ठाऊक असायला हवं. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीची खाणावळ काढली होती. त्यांचे नातू फ्रेडरिक अकबर मुहम्मद लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात डॉक्टर झाले. दंडाला गुंडाळायचा पट्टा तेव्हा आलेलाही नव्हता. १८७० च्या दशकात त्यांनी नाडीची लाट कागदावर रेखणारं यंत्र सुधारलं. मूत्रपिंडं निरोगी असलेल्या आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसांतही नाडीचा ताण चढलेला असतो, हे त्यांनी त्या रेघांवरून ओळखलं. १८८४ मध्ये विषमज्वराने ते गेले, वय जेमतेम पस्तीस. रिवा-रोची यांचा पट्टा १८९६ चा, आणि कोरोत्कोव यांनी स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची पद्धत सांगितली ती १९०५ मध्ये. सिस्टर आजही जे करतात ते याच दोघांचं आहे.

करतात मात्र फार निगुतीने. माणूस जिना चढून, बाजाराच्या पिशव्या घेऊन आला असेल तर आधी पाच मिनिटं गप्प बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर. लघवीला जाऊन या म्हणायला त्या संकोचत नाहीत, कारण भरलेल्या मूत्राशयाने दाब चढतो. नवा पेशंट असेल तर दोन्ही दंडांवर मोजायचं. दोन्हींत १५ किंवा त्याहून जास्त फरक निघाला तर एका बाजूच्या धमनीत अडथळा असू शकतो, म्हणून डॉक्टरांना सांगायचं.

आणि स्टेथोस्कोप लावण्याआधी मनगटावर बोटं. ही पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते, आणि नेमकी म्हाताऱ्या पेशंटच्या बाबतीत ती गाळणं महागात पडतं. कडक धमन्या असलेल्या माणसात पट्ट्याची हवा सोडताना आवाज १९० ला सुरू होतो, १७० च्या आसपास गडप होतो आणि १४० ला पुन्हा ऐकू येतो. पट्टा १६० पर्यंतच फुगवला असेल तर ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज १४० ला सुरू झाला. चिठ्ठीवर १४० लिहिलं जातं आणि १९० चा माणूस गोळीविना घरी जातो. म्हणून सिस्टर आधी मनगटाची नाडी बोटाखाली धरून पट्टा फुगवतात, नाडी नाहीशी होते तो आकडा ध्यानात ठेवतात आणि मग त्याच्याही ३० वर जाऊन हवा सोडतात. शिकाऊ मुली आल्या की त्यांना हे पहिलं शिकवतात. एखादी मुलगी घाईत ही पायरी वगळते, तेव्हा एरवी मृदू बोलणाऱ्या सिस्टरचा आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा. पाऱ्याची यंत्रं आता मागे पडत चालली आहेत, पाऱ्याच्या विषारीपणामुळे जगभरच ती हटवली जात आहेत. दवाखान्यात बॅटरीवरचं यंत्र आलं. तरी नाडीवर बोटं ठेवणं त्यांनी सोडलेलं नाही, कारण ठोके अनियमित असतील तर ते आधी बोटांना कळतं.

कडक महाधमनीची झळ सगळ्या अवयवांना सारखी लागत नाही. मेंदू आणि मूत्रपिंडं यांना सतत आणि भरपूर रक्त लागतं, म्हणून तिथल्या बारीक वाहिन्या मोकळ्या ठेवलेल्या असतात. एरवी महाधमनी ठोक्याचा धक्का जिरवून टाकते. ती ताठरली की तो धक्का थेट या नाजूक जाळ्यापर्यंत पोहोचतो. मेंदूच्या आत खोलवर छोटे-छोटे भाग मरतात, कधी बारीक वाहिनी फुटते. काही माणसांना लकवा होत नाही, पण स्मरण मंदावतं, चाल अडखळते, आणि घरचे म्हणतात बाबा म्हातारे झाले. हृदयाचं दुखणं आणखी वेगळं. त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात, म्हणजे खालच्या आकड्याच्या जोरावर. वरचा चढल्याने काम वाढलं आणि खालचा उतरल्याने शिधा कमी झाला, अशा कात्रीत ते सापडतं. म्हणूनच खालचा ६५ आला म्हणून खूश होणारा पेशंट पाहिला की सिस्टरना राहवत नाही.

हे सगळं शहरी, पोटभर खाणाऱ्यांचं दुखणं आहे, असं पुष्कळांना वाटत आलं. विदर्भातल्या एका कामाने त्या समजाला तडा दिला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणं एप्रिल २०११ पासून दोन वर्षं नोंदवली. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. जंगलाच्या, भातशेतीच्या त्या मुलखात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात. दर सातांतला एक मृत्यू त्याचा होता, आणि बहुतेक माणसं घरीच गेलेली. गडचिरोलीचा शेतकरी आणि घमापुरची बिडी वळणारी अम्मा यांच्यात अंतर पुष्कळ आहे, पण तंबाखू दोघांच्याही दिवसाचा भाग आहे, मीठ दोघांच्याही ताटात जास्त आहे, आणि दाब मोजायला दोघांकडेही सहसा कुणी आलेलं नसतं. बिड्या वळणाऱ्या बाईने आयुष्यात एकही बिडी ओढली नसली तरी तंबाखूची धूळ तिच्या श्वासात जाते आणि निकोटिन हातांच्या कातडीतून शिरतं. सिस्टर तिला हातात कापड गुंडाळ, खिडकीशी बस, काम झालं की साबणाने हात धू, असं सांगतात. काम सोड म्हणत नाहीत. चूल त्याच कामावर पेटते, हे त्यांना ठाऊक आहे.

मिठाचं बोलणं अधिक लांबतं. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. आपण त्याहून बरंच जास्त खातो. सिस्टर पेशंटला मीठ बंद कर सांगत नाहीत, कारण ते कुणी करत नाही. त्या विचारतात, लोणचं रोज लागतं का? पापड? चहाबरोबर नमकीन किती? मराठी घरांतल्या बायकांशी बोलताना विषय कुटाच्या मिरचीवर आणि सांडग्यांवर जातो. यातलं एक काहीतरी रोजच्या पानातून उचलून सणापुरतं ठेवायचं, एवढाच करार. असे करार टिकतात, असा त्यांचा अनुभव आहे.

वयाच्या हिशेबाने दाब ठीक मानण्याची सवय किती वर पोहोचली होती, याचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट. १९३७ मध्ये त्यांचा दाब १६२/९८ होता, १९४४ च्या मार्चमध्ये १८६/१०८. त्यांच्या खास डॉक्टरांना त्यात फारसं वावगं दिसलं नव्हतं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले तेव्हा मोजलेला दाब ३००/१९० च्या वर होता. वय ६३. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसासाठी तेव्हा धड औषधच उपलब्ध नव्हतं, हेही खरं. आज घमापुरातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात अ‍ॅम्लोडिपिनची गोळी अगदी स्वस्तात मिळते आणि सरकारी केंद्रावर फुकट मिळते.

उतारवयात फक्त वरचा दाब चढलेल्यांवर औषधाचा उपयोग होतो का, हा प्रश्नही केव्हाच सुटलेला आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ‘शेप’ या चाचणीचा निकाल आला. साठीपुढची ४,७३६ माणसं, वरचा दाब १६० च्या पुढे, खालचा ९० च्या आत, म्हणजे सिस्टरच्या चिठ्ठ्यांवरची अगदी तीच माणसं. क्लोरथॅलिडोन या जुन्या, स्वस्त औषधापासून सुरुवात करून उपचार दिले, तर पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. २००८ मध्ये ऐंशीपुढच्या माणसांवरच्या ‘हायव्हेट’ चाचणीतही औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी दिसले. ताठरलेली भिंत गोळीने पुन्हा लहान मुलासारखी होत नाही, पण तिच्यावरचा मार कमी होतो आणि मेंदूपर्यंत जाणारा धक्का ओसरतो. एवढा भरभक्कम पुरावा हाताशी असताना ‘उम्र के हिसाब से ठीक’ असं आजही कुणी लिहीत असेल, तर ते क्षम्य नाही.

अडचण गोळी लिहून देण्यात नसते. ती रोज घेतली जाण्यात असते. दाब उतरला की माणूस गोळी बंद करतो, ‘आदत पड़ जाएगी’ म्हणून. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारत हायपरटेन्शन नियंत्रण उपक्रमाने ही गोष्ट ओळखली. महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यात सुरुवातीपासून होते. ठरलेली मोजकी औषधं, घराजवळच्या केंद्रावर महिन्याच्या गोळ्या, प्रत्येक भेटीत दाब मोजून कार्डावर नोंद. सिस्टरनी हाच रिवाज आपल्या वहीत आणला. वहीत तीन रकाने आहेत: वरचा, खालचा आणि वजाबाकी. गोळ्या संपायच्या आठवड्यात जो आला नाही त्याच्या घरी फोन जातो. सूनबाई फोन उचलते आणि म्हणते, बाबूजी म्हणतात आता बरं वाटतंय. ‘बरंच वाटणार,’ सिस्टर सांगतात, ‘या आजारात वाईट वाटतं ते थेट शेवटी.’

गोळी सुटण्याचं दुसरं कारण चक्कर, आणि ते खोटं नसतं. मानेतल्या धमनीच्या भिंतीत दाबाचे पहारेकरी असतात. माणूस उभा राहिला, रक्त पायांकडे उतरलं, की ते क्षणात हृदयाला इशारा देतात. भिंत ताणली जाण्यावरच त्यांना सगळं कळतं. भिंत ताठरली की त्यांचा पहारा ढिला पडतो. मग ज्याचा बसून दाब १७० असतो, त्याचाच उभं राहिल्यावर एकदम कोसळतो. पहाटे लघवीला उठलेला म्हातारा मोरीशी पडतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि घरचे दोष गोळीला देतात. म्हणून साठीपुढच्या प्रत्येकाला सिस्टर उभं करूनही मोजतात, लगेच एकदा आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० नी घसरला तर वहीत लाल खूण, आणि डॉक्टर डोस किंवा वेळ बदलतात. पेशंटला काठावर बसून, पाय हलवून, मग उठायला शिकवलं जातं. गोळी चालू राहते.

लकव्याची लक्षणं त्या प्रत्येक घरातल्या तरुण माणसाला शिकवतात. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर राहीना, बोलणं अडखळलं, एकाएकी तोल गेला, की मालिश नको, झाडपाला नको, घड्याळ बघा आणि निघा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. मेडिकल कॉलेज शहराच्या दुसऱ्या अंगाला, नागपूर रोडवर. घमापुरच्या गर्दीतून निघायला लागणारा वेळ याच साडेचार तासांतून वजा होतो. रात्री कुणाची गाडी मिळेल, हे आधीच विचारून ठेवा, असं त्या सांगतात, आणि बऱ्याच घरांनी ते विचारून ठेवलं आहे.

डिसेंबर लागला की वहीतले वरचे आकडे चढू लागतात. थंडीने कातडीखालच्या वाहिन्या आकसतात, आणि ज्यांची महाधमनी आधीच ताठ आहे त्यांच्यात त्याचा परिणाम अधिक दिसतो. त्यातच संक्रांत येते. ग्वारीघाटावर पहाटेच्या अंधारात नर्मदेत बुडी मारणं हा इथल्या वडीलधाऱ्यांचा आयुष्यभराचा नेम. व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, पंचाहत्तरीच्या घरातले, गेल्या हिवाळ्यात बायकोला घेऊन आले. बायकोनेच आणलं होतं. सिस्टरनी बुडीला नाही म्हटलं नाही. नर्मदामाईला नाही म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, हे त्या जाणतात. त्यांनी विचारलं, ‘बड्डे, मैया उन्हं वर आल्यावर वाहायची थांबते का?’

तोडगा निघायला बराच वेळ लागला. पहाटेऐवजी दहाच्या पुढे जायचं, सकाळची गोळी घेऊन. बुडी न मारता पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करायची, पहिला तांब्या पायांवर. सोबत मुलगा हवा. गृहस्थांनी बायकोकडे रागाने पाहिलं आणि कबूल केलं. मग सिस्टरनी त्यांना उभं करून दाब मोजला: बसून १४४/७०, तीन मिनिटांनी उभ्याने १३६. वजाबाकी अजून ७४ होती, पण मागच्या पावसाळ्यात ती ९८ होती. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला आणि संक्रांतीनंतरच्या सोमवारी दोघांनाही बोलावलं. दोघांनाही, कारण बायकोचा दाब त्या दिवशी पहिल्यांदाच मोजला गेला होता आणि वरचा १६८ आला होता.